मुकुंदा, तुझी नऊ उत्तरं बरोबर होती

मुकुंदा, त्या दिवशी तुझी दहापैकी नऊ उत्तरं बरोबर होती. मी पाच सांगितली.

हे आधीच लिहून टाकतो. मी प्रस्तावना करायला लागलो की मूळ गोष्ट राहून जाते, आणि मग तू म्हणायचास, "शरद्या, मुद्द्यावर ये." आता तसं म्हणायलाही तू नाहीस. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. बँकेतल्या तुझ्या सहकाऱ्यांनी तुझ्याबद्दल छान लिहिलंय, सोसायटीच्या फळ्यावर तुझा फोटो लागलाय, त्यात तू जरा जास्तच गंभीर दिसतोस. तुझ्या बदल्या, बढत्या, समाजकार्य हे सगळं त्यांनी लिहिलं, त्यामुळे माझ्यावर तो भार नाही. मला फक्त त्या दुपारीबद्दल बोलायचंय.

दोन वर्षं झाली. तुझ्या बाळकुमच्या घराच्या हॉलमध्ये चादर बांधून आपण परीक्षा घेतली होती. सीडी प्लेअर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जी हातभर केबल लागते, ती बदलली तर गाण्यात फरक पडतो की नाही, एवढाच प्रश्न होता. तू म्हणायचास पडतो. मी म्हणायचो पडत नाही, पडूच शकत नाही. निकालाचा कागद माझ्या हातात होता आणि तो मी चुकीचा वाचला. चुकून नाही, मुद्दाम. ही गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नाही, आमच्या हिलासुद्धा नाही. सांगायला बसलो तर तू निघून गेलास. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या नऊचा अर्थ काय घ्यायचा, हे मला अजून धड कळलेलं नाही. थोडंफार कळलंय असं वाटत होतं, तर परवा वहिनींनी जे सांगितलं त्यानंतर तेही कळेनासं झालं. म्हणून आठवेल तसं लिहितो. पुढचं मागे झालं तर समजून घे.

तुझ्या कानापासून सुरुवात करायला हवी. डोंबिवलीच्या आपल्या बिल्डिंगमध्ये तू दुसऱ्या मजल्यावर आणि मी तळमजल्यावर. जिन्यात बसून आपण गप्पा मारायचो आणि मध्येच तू बोट वर करायचास. कुकरची शिट्टी वाजली की कोणाच्या घरातली ते तू सांगायचास. वर कुणाच्या तरी पंख्याचं बेअरिंग जायला आलंय, असं तू एकदा म्हणालास आणि आम्ही सगळे हसलो. आठवड्याने तो पंखा दुरुस्तीला खाली आला, तेव्हा त्याची पिशवी माझ्याच हातात होती. तुझा कान हा आपल्या बिल्डिंगचा अभिमान होता. कोणाच्या घरी नवा टेपरेकॉर्डर आला की पूजेआधी तुला बोलावणं यायचं.

एकदा बँकेला सुट्टी होती म्हणून तू वागळे इस्टेटमध्ये माझ्या कंपनीत आलास. मी प्रेशर गेज तपासायचो, ते तुला बघायचं होतं. गेजचा काटा बरोबर जागी येतो का बघायचं आणि आला की त्यावर शिक्का मारायचा, हेच माझं चौतीस वर्षांचं काम. तू माझ्या टेबलाकडे ढुंकून पाहिलं नाहीस. कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, हा आज आजारी आहे. मी तुला गेज दाखवलं, काटा जिथे पाहिजे तिथे होता. तू खांदे उडवलेस आणि आपण चहाला गेलो. तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर बसला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की आवाजावरून मला आधीच शंका आली होती. हे तुला मी कधी बोललो नाही. एक निघालं की दुसरंही निघतंच, तेव्हा घे, हेही घे.

तू बाळकुमला घर घेतलंस तेव्हा वास्तुशांतीला लोकांनी घड्याळं आणली, समया आणल्या. मी केबल आणली. कंपनीत उपकरणांना जी चांगली जाळीची वायर वापरतात, तिचा हातभर तुकडा साहेबांना विचारून घेतला. जेवणाच्या सुट्टीत बसून स्वतः सोल्डर केली. एका बाजूला लाल नळी, दुसऱ्या बाजूला पांढरी. तीनदा तपासली. माझ्या हातून तेवढं सुबक काम पुन्हा झालं नाही. तू ती बघितलीस आणि गुरुजी होमाची तयारी करत होते, तरी आधी ती लावलीस. गुरुजी थांबले, वहिनी डोळे मोठे करून बघत राहिल्या, आणि नव्या घरात मंत्रांच्या आधी तंबोरा वाजला. मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं, हे मी तुला सांगितलं नाही. मित्रांना असलं सांगायची आपल्यात पद्धत नव्हती.

सहा वर्षं ती केबल होती. मग एका रविवारी मी आलो तर तिथे दुसरीच. बोटाएवढी जाड, निळ्या विणलेल्या कापडातली, टोकांना फिरवून बसवायचे पितळी पेच. माझी केबल गुंडाळून, रबर लावून, ड्रॉवरमध्ये. तू इतका खुशीत होतास की माझ्या चेहऱ्याकडे तुझं लक्षच गेलं नाही. "बस, ऐक," म्हणालास. "मध्ये काहीतरी होतं ते निघून गेल्यासारखं वाटतं."

मध्ये जे काही होतं ते मी केलेलं होतं, मुकुंदा.

मी ऐकलं नाही. मी तांब्याबद्दल बोलायला लागलो. रोध, धारिता, हातभर लांबीत काय होऊ शकतं आणि काय नाही, असं अर्धा तास. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, तरी फरक पडतो. तिथून जे भांडण सुरू झालं ते तीन वर्षं चाललं. तुझ्याकडे, माझ्याकडे, लोकांच्या लग्नांत, एकदा तर एका बारशाला. मी मीटर घेऊन आलो, दोन्ही केबल मोजून दाखवल्या, आकडे सारखे. तू म्हणालास, तुझ्या मीटरला कान नाहीत. मी म्हणालो, तुझ्या कानाला मीटर नाही. वहिनी म्हणाल्या, दोघांनाही काम नाही. लोकांना वाटायचं, शरद शास्त्राच्या बाजूने भांडतोय. मलाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे मला माझी केबल काढली याचा राग आला होता, आणि रागाला शास्त्राचा सदरा घातला की तो चारचौघांत मिरवता येतो.

परीक्षेची कल्पनाही माझीच. पद्धत मी आखली आणि तिचा मला फार अभिमान होता. वहिनींनी त्या दिवशी अळूचं फदफदं केलं होतं, ते खाऊन आपण बसलो. दोन खुर्च्यांना दोरी बांधून चादर टाकली. चादरीच्या आत जमिनीवर मी, प्लेअर आणि दोन्ही केबल. बाहेर चार पावलांवर तू, डोळे मिटून. वहिनी बाजूला वही घेऊन, तू जे म्हणशील ते लिहायला. मी मांडीवर नाणं उडवायचं, छापा आला तर तुझी केबल, काटा आला तर माझी. आधीची कुठलीही असली तरी ती काढून नव्याने लावायची, आणि मी माझ्या कागदावर टिपून ठेवायचं. भीमपलासाची सुरुवात, तंबोरा आणि पहिला आलाप, तेवढाच तुकडा दर वेळी. असं दहादा. आवाज नको म्हणून तू पंखा बंद करायला लावलास. एप्रिलची दुपार होती, मी आत घामाने भिजलो.

पहिलं उत्तर बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. चौथ्या वेळी मला ठसका लागला, वहिनींनी पाणी दिलं, आणि ते उत्तर तुझं चुकलं. मला हायसं वाटलं. मग पाचवं बरोबर, सहावं बरोबर, आणि तिथून पुढे तू असा काही सांगत गेलास की जणू तुला चादरीतून दिसतंय. तू वेळही घेत नव्हतास. आलाप पुरा व्हायच्या आत म्हणायचास, "माझी." "तुझी." "तुझी."

मग मी बाहेर आलो. वहिनी म्हणाल्या, तुम्ही वाचा, मी खुणा करते. मी कागद वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीपाशी, जिथे छापा लिहिला होता, तिथे मी काटा वाचला. ठरवून नाही रे. म्हणजे, मुद्दाम, पण ठरवून नाही. हा फरक मला समजावून सांगता येत नाही. मग आणखी तीन ठिकाणी. वहिनींनी मोजलं आणि म्हणाल्या, पाच. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवला. पाच म्हणजे नुसतं नाणं उडवूनही येतात तेवढे, असं एक वाक्यही मी वर बोललो.

तू विचारलंस, परत एकदा करूया का. मी म्हणालो, दहा म्हणजे दहा. "बरं," म्हणालास. उठलास, निळी केबल सोडवलीस आणि जमिनीवरची माझी उचलून लावलीस. हरल्यावर कुणी इतका सरळ वागतो का? तू वाद घातला असतास, चिडला असतास, तर मीही चिडलो असतो आणि चिडण्याच्या भरात खरं बोलूनही गेलो असतो. घरी जाताना बसमध्ये मी खूश होतो. माझी केबल परत लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खूश होतो.

त्यानंतर काय बिनसलं ते मला कळलं नाही. मी आलो की सिस्टीमवर वहिनींनी विणलेलं कापड असायचं. पूर्वी तू दार उघडायच्या आधीच आतून गाणं ऐकू यायचं. आता तू मला गॅलरीत नेऊन बसवायचास, समोरच्या टॉवरचं काम कुठवर आलंय ते दाखवायचास. मी एकदा म्हणालो, लाव की काहीतरी. तू म्हणालास, नको, आज नको. मला वाटलं रुसलायस. हरलास म्हणून गाणंच सोडलंस, असला कसला रुसवा, म्हणून मीही मनात अढी धरली. घरी येऊन हिला म्हणालोही, मुकुंद हल्ली फार मनाला लावून घेतो.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. ओठांपर्यंत आलं होतं, तीन-चारदा तरी. शेवटचं तर या दिवाळीत. तुमच्या कॉम्प्लेक्सच्या बागेत आपण बाकावर बसलो होतो आणि तू मध्येच विचारलंस, "शरद्या, आपल्याला जे ऐकू येतं ते खरंच असतं का रे?" मला वाटलं तुला तत्त्वज्ञान सुचतंय. मी मेंदूवर बोललो. माणसाला जे अपेक्षित असतं तेच ऐकू येतं, कानांचा भरवसा धरू नये, असं बरंच काही, तेही भूतदयेच्या सुरात. तू मान हलवत होतास. मी बोलून थांबलो तेव्हा म्हणालास, "हो, तसंच असणार." माझ्या तोंडात त्या वेळी कुणीतरी हात घालून जीभ धरायला हवी होती. मला वाटलं, चला, शेवटी पटलं याला.

आता परवाचं सांगतो.

वहिनींचा फोन आला. लेक म्हणते आहे की ते सगळं यंत्र कुणाला तरी देऊन टाक, पण त्याआधी एकदा ते लावून द्या, मला ऐकायचंय. मी दुपारी गेलो. तुझा फोटो टीव्हीच्या शेजारी आहे, हार घातलेला. मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही. विणलेलं कापड काढलं, धूळ पुसली. माझी केबल जागेवर होती. भीमपलास लावला. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, बहुधा रडायला. मी एकटाच होतो, म्हणून ड्रॉवर उघडला आणि तुझी निळी केबल काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी नीट बसून ऐकलं, मुकुंदा. भांडायला कुणी नव्हतं म्हणून असेल.

माझी लावली, ऐकलं. तुझी लावली, ऐकलं. खर्जाची तार जरा भरीव वाटली. अंगावर काटा आला. मग वाटलं, तू गेलायस म्हणून मला ती भरीव वाटायला हवी आहे. परत माझी लावली, तर तीही भरीव वाटली. परत तुझी. तिसऱ्या खेपेला गाणाऱ्या बाईंच्या आवाजाभोवती थोडी मोकळी हवा आहे असं वाटलं, आणि खाली बघतो तर लावलेली माझीच होती. चौथ्या खेपेला मी काहीच न ठरवता डोळे मिटून ऐकलं आणि मला फक्त एवढंच कळलं की गाणं छान आहे. ते अकरा वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. फरक पडतो का? मला माहीत नाही. चौतीस वर्षं काट्याकडे बघून शिक्के मारले, आणि परवा तुझ्या हॉलमध्ये बसून मला साधं हो की नाही सांगता येत नव्हतं. तू असतास तर तुला विचारलं असतं.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक फाईल होती. माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, शरदभावजी, हे तुम्हाला दाखवू नको असं ते म्हणाले होते, तुम्ही चेष्टा कराल म्हणून. आत ठाण्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांचा कागद होता. आपल्या परीक्षेनंतर दोन आठवड्यांनी तू तिथे गेला होतास. वयाच्या मानाने ठीक, वरच्या पट्टीत थोडी घट, उपचारांची गरज नाही, असं काहीसं लिहिलं होतं. मी म्हणालो, हे तर चांगलंच आहे. वहिनी म्हणाल्या, त्यांना पटलं नाही. डॉक्टर समजूत घालतात म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मी ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, माझ्या शब्दांवर माझा आता विश्वास नाही.

"त्या दिवशी तुम्ही गेलात आणि ते मला म्हणाले, केबलचं मला काही कळलंच नाही गं. गाणं सुरू व्हायच्या आधीच उत्तर कळत होतं. माझी केबल लावताना शरद श्वास धरतो, आणि पेच घट्ट बसला की सोडतो. स्वतःची लावताना धरत नाही. ते ऐकायचं नाही असं मी ठरवत होतो, पण कान काय मिटता येतात? मग म्हणाले, या हिशेबाने सगळीच्या सगळी बरोबर यायला पाहिजे होती. पाचच आली. म्हणजे चार पावलांवरचा शरदचा श्वास मला ऐकू येतो असं मला नुसतं वाटतं. येत नाही."

श्वास धरायचो हे खरं आहे. ते पितळी पेच नाजूक होते, मोडले असते तर तू मला जन्मभर ऐकवलं असतंस. आणि ठसका लागला तेव्हाच तुझं चुकलं होतं, तेही खरं आहे. मुकुंदा, ज्याला उत्तर माहीत आहे त्या माणसाने तपासणाऱ्याच्या आसपास उभंसुद्धा राहू नये, हा नियम मी कंपनीत नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायचो. आणि मी स्वतः चादर बांधून तिच्या आत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मीच.

आता यातून काय काढायचं ते तूच सांग. मी त्या दिवशी खरं वाचलं असतं, नऊ म्हणालो असतो, तर तू लगेच हसत सुटला असतास. अरे, केबल कसली, तुझा श्वास ऐकू येत होता, असं तूच सांगितलं असतंस, तू तसलाच होतास. परीक्षा रद्द झाली असती. माझं तांबं जिथल्या तिथे राहिलं असतं. म्हणजे मी जे वाचवायला खोटं बोललो, त्याला धक्काही लागणार नव्हता. तुझं म्हणणं खोटं ठरलं नाही, माझंही नाही, केबलचं कोडं होतं तिथेच आहे. खोटा ठरला तो तेवढा तुझा कान, आणि त्या दुपारभरात खरी गोष्ट तेवढी एकच होती. हसावं की रडावं ते मला कळत नाही. तुझ्या फोटोकडे बघून मला एकदा हसूही आलं, तुझी शपथ. माझ्या श्वासावरून माझं मन ओळखणारा माणूस मला कुठे मिळणार होता, आणि मी त्याला बहिरा करून टाकला.

वहिनींना अजून बोलायचं होतं. त्यांनी फाईल मिटली आणि विचारलं, "भावजी, तुम्ही यातले जाणकार. मला खरं सांगा. त्यांचे कान खरंच गेले होते का? शेवटच्या दिवसांत मी जे बोलले ते त्यांना पोचलं असेल का?"

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. वय झालं की थोडं कमी होतंच, पण पोचलं असेल हो, असं म्हणून मी चहा घेऊन निघू शकलो असतो. ते खोटंही नव्हतं. माझ्याबद्दलचं त्यांचं मत तसंच राहिलं असतं, दर दिवाळीला फराळाचा डबा आला असता. पण तुझ्या घरात मी एकदा कागद चुकीचा वाचला होता, तुझ्या फोटोसमोर दुसऱ्यांदा तसा वाचायची हिंमत झाली नाही. मी सगळं सांगितलं. नऊ होती, मी पाच सांगितली, का सांगितली तेही. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते, वहिनी. माझ्यामुळे त्यांना तसं वाटलं.

मी बोलणी खायच्या तयारीने बसलो होतो. वहिनी चिडल्या नाहीत. बराच वेळ त्या फाईलच्या कडेवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्हाला माहितीये ना, डोंबिवलीला आमची एकच खोली होती, सासू-सासरे, नणंद सगळे तिथेच. आमचा सगळा संसार हळू बोलण्यात गेला. इकडे मोठ्या घरात आलो तरी सवय गेली नाही, दोघंच असलो तरी आम्ही कुजबुजायचो. त्या परीक्षेनंतर ते म्हणाले, माझ्या कानांचा आता भरवसा नाही, तू जरा मोठ्याने बोलत जा, तुझं काही ऐकायचं राहून जायला नको.

"दोन वर्षं मी त्यांच्याशी ओरडून बोलले, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं."

माफी मागावी असं वाटलं, पण ती त्यांच्याकडे मागायची की तुझ्याकडे, तेही कळेना. वहिनी उठल्या, तुझ्या फोटोपाशी गेल्या आणि हार थोडा बाजूला केला. मग तुझ्याजवळ वाकून त्या बोलल्या, बराच वेळ बोलल्या. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो, पंखासुद्धा बंद होता. मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.